रक्त दिलं, पुढे काय? तीन बेटांचा इतिहास आणि संमतीपत्रातली एक ओळ

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून एक मेसेज दर दोन-चार महिन्यांनी येतोच: "संमतीपत्राचा नमुना आहे का गं तुझ्याकडे? पाठव ना, एथिक्स कमिटीला द्यायचाय." मी पाठवते. तुम्हीही असा एखादा नमुना कुणाकडून तरी मिळवाल, त्यात नाव-गाव बदलाल आणि जमा कराल. सगळेच तसं करतात.

त्या फॉर्ममध्ये साधारण मध्यावर एक ओळ असते: 'या संशोधनातून तुम्हाला थेट वैयक्तिक लाभ होईलच असे नाही.' ओळ प्रामाणिक आहे, आणि असायलाच हवी. पण सही घेणारा आणि सही करणारा, दोघंही तिच्यावरून पटकन पुढे सरकतात. मला वाटतं, संशोधनाला सुरुवात करण्याआधी या एका ओळीवर थोडं थांबावं. त्यासाठी आज तुम्हाला तीन बेटांवर घेऊन जाते. आनुवंशिक आजारांच्या अभ्यासात या तिन्ही ठिकाणी तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या, आणि तिन्ही आपल्या कामाच्या आहेत.

आधी बेटंच का?

समजा, पंधरा माणसं एका ओसाड बेटावर जाऊन वसली. त्यातल्या एकाच्या जनुकात एक दुर्मिळ बदल आहे. मोठ्या शहरात हा बदल लाखो लोकांच्या गर्दीत हरवून गेला असता. बेटावर मात्र पंधरांतला एक म्हणजे मोठाच वाटा झाला. पुढच्या पिढ्या आपसातच लग्नं करत राहिल्या, बाहेरून फारसं कुणी आलं नाही, तर दीडशे-दोनशे वर्षांनी तो बदल कितीतरी घरांत सापडतो. याला फाउंडर इफेक्ट म्हणतात. त्यात वंशावळी माहीत असतात, हवापाणी आणि खाणंपिणं सगळ्यांचं जवळपास सारखं असतं. आजारामागचं जनुक शोधणाऱ्याला याहून सोयीची जागा कुठली?

संशोधकाची ही सोय लक्षात ठेवा. कारण बेटावरच्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर तीच गोष्ट वेगळी दिसते. त्याच्या घरातला आजार हा दुसऱ्या कुणाच्या शोधाचा कच्चा माल झालेला असतो.

पहिलं बेट: ट्रिस्टन द कुन्हा

दक्षिण अटलांटिक महासागराच्या मधोमध हे बेट आहे. सर्वांत जवळची मनुष्यवस्ती म्हणजे सेंट हेलेना, तीही सुमारे २,४०० किलोमीटरवर. विमानतळ नाही. केपटाउनहून बोटीने जायला आठवडाभर लागतो. १८१६ मध्ये ब्रिटिशांनी तिथे छोटी लष्करी तुकडी ठेवली, पुढच्या वर्षी ती परत बोलावली. तेव्हा विल्यम ग्लास नावाचा कॉर्पोरल बायको-मुलांसह मागे राहिला, सोबत दोघं-तिघं. १८२७ मध्ये सेंट हेलेनाहून पाच स्त्रिया लग्नासाठी आल्या. पुढे काही खलाशी येऊन मिळाले. १८९२ मध्ये एक इटालियन जहाज फुटलं, त्यातले दोघं तिथेच स्थायिक झाले. एवढ्यांतून अख्खा समाज उभा राहिला आणि कित्येक दशकं त्याचा कारभार अवघ्या सात आडनावांत चालला.

मधे दोनदा लोकसंख्या एकदम आटली. १८५० च्या दशकात ग्लास वारल्यावर बरीच कुटुंबं बेट सोडून गेली. १८८५ मध्ये एका जहाजाला गाठायला निघालेली होडी बुडाली आणि १५ कर्ते पुरुष एका दिवसात गेले. डी. एफ. रॉबर्ट्स या अभ्यासकाने १९६८ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलेला लेख याच दोन घटनांवर आहे. लोकसंख्या अशी आकसली की पुढच्या पिढ्यांचा जनुकसाठा कसा बदलतो, हे त्याने बेटाच्या वंशावळीवरून दाखवलं. लोकसंख्या-आनुवंशिकीचा अभ्यास करणार असाल तर हा लेख वाचाच. वाचताना फक्त एवढं विसरू नका, की त्या आलेखातला खोल खड्डा म्हणजे विधवांनी भरलेलं एक गाव होतं.

ऑक्टोबर १९६१ मध्ये वस्तीला लागूनच ज्वालामुखी फुटला. सुमारे २६० माणसं, म्हणजे अख्खं बेट, बोटींतून बाहेर काढून इंग्लंडला नेलं. पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच्या जगापासून दूर राहिलेली माणसं आयतीच डॉक्टरांच्या दारात आली. त्यांच्या तपासण्या झाल्या आणि एक गोष्ट ठळकपणे नोंदली गेली: या लोकांत दमा फार आहे. इंग्लंडच्या हवेत सर्दी-खोकल्याच्या साथींनीही त्यांना जेरीला आणलं, काही वृद्ध दगावले. १९६२ च्या डिसेंबरमध्ये मतदान झालं, परत जायचं की इंग्लंडमध्येच राहायचं. १४८ विरुद्ध ५ मतांनी लोकांनी परत जायचं ठरवलं. बहुतेक जण १९६३ मध्ये परतले.

इतिहासाच्या साधनांबद्दल इथे एक गोष्ट सांगते. या काळातले वैद्यकीय लेख वाचलेत तर त्यांत बेटवासी 'तपासले गेलेले' म्हणून येतात. ते स्वतः काही बोलताना दिसत नाहीत. त्यांचा आवाज ऐकू येतो तो त्या मतदानाच्या आकड्यात. आपल्या विषयाची साधनं वाचताना हा प्रश्न विचारायची सवय लावा: यात कोण बोलतंय, आणि कोण नुसतं मोजलं जातंय?

१९७४ मध्ये बेटावरच्या दम्यावर स्वतंत्र शोधनिबंध आला. मग १९९३ मध्ये टोरांटो विद्यापीठाचे नोए झॅमेल आपल्या चमूसह बेटावर गेले. लोकांनी मनापासून साथ दिली. २८२ जणांनी तपासणी करून घेतली आणि रक्त दिलं, म्हणजे जवळजवळ सगळ्या बेटानेच. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांत दम्याची पूर्ण किंवा अंशतः लक्षणं सापडली. मूळच्या वसाहतकारांपैकी काही जणांना दमा असणार आणि तो वारशाने उतरला असणार, असा अंदाज होता.

या शोधाला पैसा होता सिक्वाना थेरप्युटिक्स या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचा. १९९५ मध्ये सिक्वानाने बोरिंगर इंगेलहाइम या जर्मन औषध कंपनीशी दम्याच्या जनुकांबाबत कोट्यवधी डॉलरचा करार केला. १९९७ मध्ये जनुक सापडल्याची घोषणा झाली. १९९८ मध्ये सिक्वाना दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन ॲक्सिस झाली आणि २००१ मध्ये ॲक्सिस सेलेराने विकत घेतली. ज्या नावावर विश्वास ठेवून माणसं दंड पुढे करतात ते नाव पाच-सात वर्षांत नाहीसं होऊ शकतं, हे इथे दिसतं. आज आपल्याला हेही माहीत आहे की दमा हा एका जनुकाचा आजार नाही. त्यात पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो आणि परिसराचाही मोठा वाटा असतो. मोठ्या अपेक्षेने सुरू झालेल्या त्या शोधातून दम्याचं नवं औषध काही हाती आलं नाही.

इथे कुणाला खलनायक ठरवायची घाई करू नका. संशोधन फसू शकतं, आणि त्यात फसवणूक असतेच असं नाही. पण 'थेट लाभ होईलच असे नाही' ही ओळ बेटाच्या बाजूने वाचून बघा. त्यांनी रक्त दिलं, वंशावळ दिली, घराघरातली माहिती दिली. परत काय यायचं, ते मात्र एका बाजारातल्या यशावर अवलंबून राहिलं.

आणखी एक गोष्ट. २००३ मध्ये हिम्ला सूडयाल आणि सहकाऱ्यांनी ट्रिस्टनच्या पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वंशावळीच्या नोंदींत नसलेला एक पुरुष-पूर्वज त्यात डीएनएमधून पुढे आला. विज्ञान म्हणून हे फार सुंदर आहे. पण सात आडनावांच्या बेटावर हा निष्कर्ष कुणाच्या तरी आजीच्या घरापर्यंत पोहोचतो. आपण संमतीपत्रात लिहितो, 'तुमचं नाव गुप्त ठेवलं जाईल.' तीनशे माणसांच्या गावात नाव खोडलं की माणूस ओळखू येत नाही, असं खरंच वाटतं का तुम्हाला?

दुसरं बेट: टोंगा

आता प्रशांत महासागरात येऊ. टोंगा हे बेटांचं राज्य, लोकसंख्या लाखभर. तिथे लठ्ठपणा आणि मधुमेहाचं प्रमाण मोठं, आणि एकमेकांशी नात्याने बांधलेली विस्तारित कुटुंबं. नोव्हेंबर २००० मध्ये मेलबर्नच्या ऑटोजेन या कंपनीने जाहीर केलं की टोंगाच्या आरोग्य मंत्रालयाशी आपला करार झाला आहे. टोंगन लोकांचे नमुने घेऊन आजारांची जनुकं शोधायची. बदल्यात मंत्रालयाला संशोधनासाठी निधी, पुढे पैसे मिळालेच तर रॉयल्टीतला वाटा, आणि औषध निघालं तर ते टोंगन लोकांना मोफत.

कागदावर हा करार ट्रिस्टनपेक्षा उदारच होता. परतफेड आधीच लिहून दिली होती. तरी तो बारगळला, का?

कारण लोकांना ही गोष्ट कळली ती जाहीर झाल्यावर. आधी देशात उघड चर्चा झालीच नव्हती. टोंगाच्या मानवी हक्क आणि लोकशाही चळवळीने विरोध सुरू केला. तिचे संचालक लोपेती सेनितुली यांनी यावर पुढे लेखनही केलं. चर्चच्या मंडळींनीही आक्षेप घेतले. त्यातला एक मुद्दा विद्यार्थ्यांनी नीट समजून घेण्यासारखा आहे. कंपनीचं नैतिक धोरण प्रत्येक व्यक्तीच्या संमतीवर उभं होतं: ज्याचं रक्त, त्याची सही. टोंगात मात्र असे निर्णय विस्तारित कुटुंब मिळून घेतं. आणि डीएनएच्या बाबतीत कुटुंबाचं म्हणणं शास्त्रालाही धरूनच आहे ना? माझ्या नमुन्यातून माझ्या भावाबद्दल, मावशीबद्दल, न जन्मलेल्या भाच्याबद्दलही काहीतरी कळतंच. मग सही माझ्या एकटीची कशी पुरेल?

दुसरा मुद्दा परतफेडीचा. रॉयल्टी मिळणार ती औषध विकलं गेलं तर. म्हणजे नमुने आज द्यायचे आणि लाभ 'जर-तर'वर सोडायचा. विरोध वाढला आणि टोंगातला बेत प्रत्यक्षात आलाच नाही.

काही जण याला संधी गमावणं म्हणतात. मधुमेहाचा एवढा भार असलेल्या देशात संशोधन झालं नाही, हे नुकसान आहेच, ते मी नाकारत नाही. पण समुदायाचा पाठिंबा हा शेवटी घ्यायचा शिक्का असतो असं मानलं की काय होतं, ते टोंगात दिसतं. आधी विचारलं असतं तर उत्तर कदाचित वेगळं आलं असतं.

तिसरं बेट: ऑर्कनी, आणि त्यातलं वेस्ट्रे

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी द्वीपसमूह आहे. लोकसंख्या सुमारे २२ हजार. १४६८ पर्यंत तिथे नॉर्वे-डेन्मार्कची सत्ता होती. राजकन्येच्या हुंड्याची रक्कम द्यायला पैसे नव्हते म्हणून राजाने ही बेटं स्कॉटलंडच्या राजाकडे तारण ठेवली, ती परत सोडवलीच नाहीत. तिथल्या लोकांत आजही नॉर्स वारसा डीएनएमध्ये दिसतो.

संशोधकांची ये-जा ऑर्कनीला नवी नाही. मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा आजार तिथे फार आहे. कित्येक दशकांपासून त्याचा अभ्यास होत आला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार ऑर्कनीत दर लाख लोकांमागे ४०२ रुग्ण होते, ॲबरडीन शहरात २२९. जगातल्या सर्वाधिक नोंदींपैकी ही एक. याचं कारण अजून पूर्ण उलगडलेलं नाही. म्हणजे वर्षानुवर्षं तपासण्या करून घ्यायच्या आणि उत्तर मिळत नाही, हा अनुभव या लोकांनीही घेतला आहे.

२००५ मध्ये एडिनबरा विद्यापीठाच्या जिम विल्सन यांनी 'ऑर्केडीस' हा अभ्यास सुरू केला. विल्सन स्वतः ऑर्कनीचे. सुमारे दोन हजार लोक स्वेच्छेने आले. पुढे शेजारच्या शेटलंडमध्येही असाच अभ्यास झाला, आणि हे सगळं 'व्हायकिंग जीन्स' या नावाखाली एकत्र आलं.

दुसरीकडे, ॲबरडीनच्या सरकारी आरोग्यसेवेत झोशा म्येजिब्रोड्स्का या आनुवंशिकी-तज्ज्ञ डॉक्टर अनेक वर्षं स्तन आणि बीजाशयाच्या कर्करोगाची कुटुंबं पाहत होत्या. ऑर्कनीहून येणाऱ्या बऱ्याच कुटुंबांत बीआरसीए-१ या जनुकातला एकच बदल पुन्हा पुन्हा दिसत होता. वंशावळी मागे नेल्या की वाट वेस्ट्रे या बेटाकडे जायची. वेस्ट्रे म्हणजे जेमतेम सहाशे लोकवस्तीचं बेट.

पण दवाखान्यात जे येतात ते मुळात आजारी किंवा घाबरलेले असतात. त्यांच्यावरून सगळ्या बेटाबद्दल बोलता येत नाही. ते उत्तर होतं ऑर्केडीसच्या डेटात, कारण तिथले लोक कर्करोगासाठी निवडलेले नव्हते. दोन्ही बाजूंनी माहिती एकत्र आणली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: आजी-आजोबा ऑर्कनीचे असलेल्या दर शंभरात साधारण एकाकडे हा बदल आहे. पद्धतीच्या दृष्टीने ही मला फार आवडलेली गोष्ट आहे. दवाखान्याच्या फायली आणि समाजातला नमुना, एकाला दुसऱ्याशिवाय हे सापडलं नसतं.

त्याच जानेवारीत सरकारी आरोग्यसेवेने घोषणा केली, की ज्यांच्या आजी-आजोबांपैकी एक जरी वेस्ट्रेत जन्मलेलं असेल त्यांना ही चाचणी मोफत करून घेता येईल. घरात कर्करोगाचा इतिहास असलाच पाहिजे ही अट नाही. बदल असलेल्या स्त्रीला नियमित एमआरआय किंवा प्रतिबंधक शस्त्रक्रिया, असे मार्ग खुले होतात. पुरुषांनाही चाचणी दिली जाते, कारण बापाकडूनही तो बदल मुलीकडे जातो. दर अपत्यामागे शक्यता निम्मी.

यात अवघड जागा नव्हत्या असं नाही. असे अभ्यास सुरू झाले तेव्हा सहभागींना वैयक्तिक निकाल कळवायची पद्धत सहसा नव्हती. मग संशोधकाच्या संगणकात एखाद्या बाईच्या धोक्याची माहिती आहे आणि तिला ती नाही, अशी परिस्थिती येते. सांगावं, तर तिने ते जाणून घ्यायला होकार दिला होता का? न सांगावं, तर उद्या तिला कर्करोग झाला तर? व्हायकिंग जीन्सने आधीच्या सहभागींना पुन्हा विचारलं: उपचार करता येण्याजोगं काही सापडलं तर तुम्हाला कळवायचं का? ज्यांनी हो म्हटलं त्यांच्यासाठी निकाल कळवण्याची व्यवस्था, सरकारी आरोग्यसेवेच्या मदतीने, उभी केली. ज्यांना जाणून घ्यायचं नव्हतं त्यांचा तो हक्कही राखला.

आणि बेटाचं नाव? ते तर जगभरच्या बातम्यांत झळकलं. ट्रिस्टनबाबत आपण जो प्रश्न विचारला तो इथेही लागू होतोच. फरक एवढा, की वेस्ट्रेचं नाव घेतलं गेलं त्याच बातमीत चाचणी कुणाला मिळणार आणि पुढे काय करता येईल हेही होतं. नाव उघड होण्याची किंमत पडली, पण त्या नावाच्या आधारानेच माणसं चाचणीपर्यंत पोहोचू शकत होती.

मग आपण काय करायचं?

तुम्ही म्हणाल, आपल्याला कुठे बेटावर जायचंय? पण भारतात समुद्र नसलेली बेटं पुष्कळ आहेत. जातीत, पोटजातीत, जमातीत पिढ्यान्‌पिढ्या होत आलेल्या लग्नांनी ती तयार झाली. हैदराबादच्या सीसीएमबीचे के. थंगराज आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये हेच मांडलं: दक्षिण आशियातल्या अनेक समूहांत फाउंडर इफेक्ट हा फिनलंडच्या लोकांपेक्षाही तीव्र आहे. तुमच्यापैकी कुणी उद्या नंदुरबारच्या पाड्यावर सिकलसेलचे नमुने घ्यायला जाल, कुणी कोकणातल्या एखाद्या गावात थॅलेसेमियाचे. तिथेही आडनावं मोजकी असतात. तिथेही 'वाहक' हा शब्द मुलीच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत पोहोचतो.

डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतला सुरुवातीचा अनुभव सांगितलेला आहे. सिकलसेलचं सर्वेक्षण केलं, आजार मोठ्या प्रमाणात सापडला, शास्त्रीय दृष्ट्या काम महत्त्वाचं होतं. पण लोकांना तो आपला तातडीचा प्रश्न वाटत नव्हता. त्यांच्या गरजा वेगळ्या होत्या. त्यातून लोकांना आधी विचारायचं, मग संशोधन ठरवायचं, असा धडा घेतल्याचं ते सांगतात. टोंगाचाच हा धडा, आपल्या मातीतला.

म्हणून नमुना-फॉर्म डाउनलोड करण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि या प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या हाताने लिहा. विषय कुणाला महत्त्वाचा वाटतो, मला की गावाला, आणि हे मी गावाला कधी विचारलं? सही एकाची आहे, पण माहिती किती जणांची कळणार? नाव खोडूनही कोण ओळखू येईल? माझं फेलोशिपचं वर्ष संपलं, संस्था बदलली किंवा प्रयोगशाळा बंद पडली तर नमुने कुणाच्या ताब्यात राहणार? उपचार करता येईल असं काही सापडलं तर कोण, कुठे आणि कोणत्या भाषेत सांगणार, आणि त्यापुढचा दवाखाना किती लांब आहे?

यातल्या काही प्रश्नांना 'माहीत नाही' हेच उत्तर येईल. येऊ दे. पीएचडीच्या तीन-चार वर्षांत आणि तुटपुंज्या फेलोशिपमध्ये सगळं जमणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. ऑर्कनीतही सुरुवातीपासून निकाल घरी पोहोचायला बरीच वर्षं गेली, आणि मागे सरकारी आरोग्यसेवा उभी होती. पण जे जमणार नाही ते आधी लिहून ठेवलंत तर गावात जाऊन खोटं आश्वासन तरी दिलं जाणार नाही.

आणि ती ओळ तशीच राहू द्या: 'थेट वैयक्तिक लाभ होईलच असे नाही.' ती खरी आहे. तिच्याखाली फक्त आणखी दोन ओळी घाला: काय सापडलं ते सांगायला मी परत केव्हा येईन, आणि मी आले नाही तर कुणाला फोन करायचा. सही घेताना त्या दोन ओळी मोठ्याने वाचून दाखवा.